दवाखान्यात पेशंट कमी असतात तेव्हा स्टाफला कामात आणि उमेदीत कसं ठेवायचं? (दातांचे दवाखाने, सोलापूर)

होटगी_रोड_डेंटल

दोन खुर्च्या, एक डॉक्टर, दोन असिस्टंट, रिसेप्शनला एक ताई आणि साफसफाईला मावशी. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत माणसं एवढीच. मंदीच्या दिवसांत ही माणसं कामात कशी राहतील आणि त्यांचं मन कसं लागेल, याची नेमकी माहिती एका जागी जमावी म्हणून हा धागा काढतोय.

मंदी कधी येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नाही. पितृपक्षात कवळी, ब्रेसेस, इम्प्लांट असं नवीन काही सुरू करायला लोक नको म्हणतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे गावातले रस्ते बंद असतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, त्या दिवशी पूर्व भागात अपॉइंटमेंट देण्यात अर्थ नसतो. मग दिवाळी. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारून ठेवता येतात, आणि कुठलं काम कुठल्या आठवड्यात काढायचं तेही तेव्हाच ठरवता येतं.

दोन गोष्टी करू नयेत असं माझं ठाम मत आहे. पेशंट नाहीत म्हणून लवकर घरी पाठवून पगार कापणं ही पहिली. महिन्याला चार पैसे वाचतात, पण हाताखाली तयार झालेली असिस्टंट दुसरीकडे जाते, आणि नवीन मुलगी आरसीटीचा (रूट कॅनलचा) ट्रे न विचारता लावायला लागेपर्यंत कित्येक महिने जातात. दुसरी म्हणजे पुसलेलं पुन्हा पुसायला लावणं. ज्या कामाला शेवट नाही आणि ज्यातून काही निष्पन्न होत नाही, ते काम वेळ घालवायला दिलंय हे माणसाला लगेच कळतं.

म्हणून विनंती अशी की काम सुचवताना ते कुणी करायचं, किती वेळ लागेल, कुठे बिघडतं आणि पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं, एवढं जरूर लिहा.

खुर्ची_कॉम्प्रेसर

मशीनकडची बाजू मी लिहितो. मंदीत मशीन कमी वापरलं जातं म्हणून ते चांगलं राहतं असा समज आहे. खुर्चीच्या बाबतीत उलटं आहे.

दुसरी खुर्ची दोन-तीन दिवस बंद राहिली की तिच्या पाण्याच्या बारीक नळ्यांत पाणी साचून राहतं आणि आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. उन्हाळ्यात तो जास्त वेगाने धरतो. पेशंट असो-नसो, रोज सकाळी एअरोटर (दात कोरायचं मशीन), स्केलर (दात साफ करायचं) आणि थ्री-वे सिरिंज (पाणी-हवा मारायची) या तिन्हींतून दोन-दोन मिनिटं पाणी सोडायचं. दोन पेशंटच्या मध्ये २० ते ३० सेकंद. रात्री बाटली काढून रिकामी करायची, उलटी ठेवून सुकवायची. नुसतं पाणी सोडून धरलेला थर निघत नाही, त्यासाठी वॉटरलाइनचं औषध खुर्चीच्या माहितीपत्रकाप्रमाणे घालावं लागतं, आणि ते काम निवांत दिवशीच नीट होतं. पाण्याचा मान्य निकष एका मिलिलिटरला ५०० सीएफयूपेक्षा (जिवंत जंतूंच्या मोजणीपेक्षा) जास्त नाही असा आहे. वर्षातून एकदा दोन्ही खुर्च्यांचं पाणी लॅबला द्या. मंदीच्या आठवड्याच्या शेवटी दिलंत तर खरी स्थिती कळेल.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, मध्ये बोअरचं वापरलं जातं, आणि ते जड असतं. आत पांढरे डाग, दाराच्या रबरावर खडबडीत कड आली की समजा कुणीतरी डिस्टिल्ड वॉटर संपल्यावर दुसरं पाणी घातलंय. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार शिल्लक असतात. आठवड्यातून एकदा, साधारण ४० मिनिटांचं काम: मशीन पूर्ण थंड करून टाकी रिकामी करा, ट्रे आणि स्टँड बाहेर काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने चेंबर पुसा, दाराचं रबर डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या कापडाने खाचेपर्यंत पुसा. रबराला व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं आणि वाफ गळायला लागते.

त्याच दिवशी स्पोअर टेस्ट, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये जंतू खरंच मरतात का याची तपासणी. वायलमध्ये चिवट जंतू असतात, ते जिवंत राहिले तर रंग बदलतो. एक वायल लोडच्या मध्यभागी, वाफ पोचायला सगळ्यात अवघड अशा जागी, आणि त्याच बॅचची दुसरी बाहेर ठेवायची. १२१ अंशाला किंवा १३४ अंशाला, जी सायकल तुम्ही रोज वापरता तीच चालवा. मग दोन्ही वायल इन्क्युबेटरमध्ये, पाकिटावर दिलेल्या वेळेपर्यंत, बहुतेकदा २४ ते ४८ तास. बाहेर ठेवलेल्या वायलचा रंग बदललाच पाहिजे. तो बदलला नाही तर टेस्टच बाद, 'पास' लिहायचं नाही. ही चूक सर्रास होते, कारण आतल्या वायलचा रंग बदलला नाही एवढंच बघून सगळे खूश होतात.

पाऊच (हत्यारं भरायची कागद-प्लास्टिकची पाकिटं) ओले निघत असतील तर मशीनला दोष देण्याआधी भरणं बघा. पाऊच आडवे एकावर एक न रचता उभे, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिककडे, आणि ट्रेमध्ये हात फिरेल इतकी जागा. सुकण्याची सायकल पूर्ण व्हायच्या आत दार उघडणं हे दुसरं कारण.

अल्ट्रासोनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी हत्यारं धुणारं मशीन) चालतोय की नुसता आवाज करतोय हे घरगुती फॉइलने कळतं. ताजं द्रावण भरून पाच-दहा मिनिटं रिकामं चालवा म्हणजे त्यातली हवा निघेल. मग फॉइलची पट्टी तळाला न टेकता उभी धरून २० ते ३० सेकंद चालवा. पूर्ण पट्टीवर बारीक खड्डे आणि भोकं सारखी पडली पाहिजेत. एका बाजूला फॉइल गुळगुळीत राहिलं तर त्या बाजूचा ट्रान्सड्यूसर गेलाय. ती पट्टी वाळवून, तारीख टाकून वहीत चिकटवा.

एअरोटरचं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) लवकर जातं त्याची मुख्य कारणं दोन: तेल चुकीच्या छिद्रात, किंवा कॉम्प्रेसरमधून ओली हवा. चार छिद्रांच्या जोडणीत दोन मोठी छिद्रं असतात, त्यातलं किंचित लहान ते हवा आत जाण्याचं. तेल तिथे. दोन छिद्रांच्या जोडणीत मोठं छिद्र हवेचं. दोन सेकंद स्प्रे, मग बर (कोरायचं टोक) लावून २० ते ३० सेकंद चालवून जादा तेल बाहेर काढायचं, पुसून पाऊचमध्ये. काळं तेल निघालं तर पुन्हा एकदा. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ रोज संध्याकाळी उघडायचा, पावसाळ्यात दोनदा.

लाइट क्युअरकडेही (फिलिंग घट्ट करणारा दिवा) असंच लक्ष हवं. टोकावर चिकटलेलं कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) दिसत नाही, पण प्रकाश अडवतं. आठवड्याला रेडिओमीटरवर आकडा घ्या, लिहा. नवीन असताना किती होता तो आकडा मशीनवरच चिकटवा. ४०० च्या खाली आला की त्या लाइटने फिलिंग करू नका.

स्वच्छ_दवाखाना

छान माहिती. यात सक्शनची भर घालते. मंदीत सक्शनच्या नळीला वास मारतो. आम्ही हायपोक्लोराइट पातळ करून ओढून घेतो, वास लगेच जातो.

खुर्ची_कॉम्प्रेसर

ताई, हायपोक्लोराइट सक्शनमध्ये नको. पंपाचे धातूचे भाग गंजतात, आणि अमलगमचे (पारा असलेल्या चांदीच्या फिलिंगचे) कण नळीत असतील तर त्यातला पारा सुटून सांडपाण्यात जातो. सक्शनसाठीचं फेस न होणारं एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते कोमट पाण्यात करून दिवसाअखेर दोन्ही नळ्यांतून साधारण एक लिटर ओढायचं. ओढताना नळीचं तोंड मधूनमधून पाण्याबाहेर काढायचं, हवा आणि पाणी मिसळून गेलं की नळी आतून जास्त घासली जाते. वास बहुतेकदा नळीत नसतो, खुर्चीशेजारच्या गाळणीत असतो. ती गाळणी ग्लोव्हज आणि मास्क घालून काढा आणि आठवड्याला बदला. साबणाचा फेस पंपात गेला तर पंप बंद पडतो, म्हणून भांड्यांचं लिक्विडही नको.

रिसेप्शन_विजापूर_रोड

मशीनची कामं असिस्टंटना मिळाली. रिसेप्शनचा वेळ कशात जावा ते लिहिते. रिसेप्शनवर बसणाऱ्या माणसाला मंदीचा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण फोन वाजत नाही आणि डॉक्टर दर अर्ध्या तासाने केबिनमधून बाहेर येऊन विचारतात, "कुणी आलं का?" हे विचारणं आधी बंद करा अशी सर्व डॉक्टरांना हात जोडून विनंती.

जुन्या पेशंटची यादी काढायची, पण सरसकट नाही. क्रम असा ठेवा:

पहिला नंबर आरसीटी झालेल्या आणि कॅप न बसवलेल्या पेशंटचा. दाढ पोकळ झालेली असते, दुखत नाही म्हणून पेशंट विसरतो आणि एक दिवस ती उभी चिरते. मग काढण्यावाचून इलाज राहत नाही. दुसरे तात्पुरतं सिमेंट भरून गेलेले. दोन-तीन आठवड्यांनंतर ते झिजतं, कडेने लाळ आत शिरते आणि केलेलं काम वाया जातं. तिसरे ब्रेसेसचे, ज्यांचा शेवटचा व्हिजिट होऊन दीड महिन्यावर दिवस झाले. चौथे मधुमेह असलेले हिरड्यांचे पेशंट, त्यांना तीन महिन्यांनी बोलवायचं असतं. बाकीच्यांचं सहा महिन्यांचं स्केलिंग सगळ्यात शेवटी. शाळेच्या सुट्टीत मात्र सहा-सात वर्षांची मुलं वर घ्या. पहिली पक्की दाढ नुकतीच आलेली असते, तिच्या खाचा सीलंटने बंद करायची वेळ हीच. मेमध्ये मुलं सकाळी नऊ ते अकरा सहज येतात, दुपारी कुणी पाठवत नाही.

फोन सकाळी ११ ते १२:३० आणि संध्याकाळी ५ ते ७. तासाला दहा-बारा फोन नीट होतात. त्याहून जास्त केले की आवाज कंटाळलेला येतो आणि पलीकडच्याला तो कळतो. बोलणं असं ठेवा:

"नमस्कार काकू, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, कॅप राहिलीय. डॉक्टरांनी सांगितलंय, कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक भाकरी, सुपारी चावू नका. तुम्हाला या आठवड्यात सकाळी जमेल का संध्याकाळी?"

"येणार का?" असं विचारलं की "बघते" असं उत्तर येतं. सकाळी का संध्याकाळी असं विचारलं की वेळ ठरते. प्रत्येक फोनपुढे तीनपैकी एकच खूण करायची: तारीख दिली, नंतर करा (कधी ते लिहून), नको म्हणाले. नको म्हणालेल्यांना पुन्हा फोन नाही. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवायचा तर त्याची परवानगी केसपेपरवर सहीनिशी घ्या.

आणखी एक. हे आपल्याच पेशंटचा अर्धवट उपचार पूर्ण करून देणं आहे. अनोळखी नंबरांवर सवलतीचे मेसेज टाकणं वेगळं. डेंटल कौन्सिलच्या २०१४ च्या आचारसंहितेत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं बसत नाही. रिसेप्शनिस्टला असलं काम सांगू नका, आणि सांगितलं तर तिने नाही म्हणावं.

अपॉइंटमेंट पसरून देऊ नका. दिवसाला सहाच पेशंट असतील तर सकाळी तीन सलग, संध्याकाळी तीन सलग. दर तासाला एक दिला तर दिवसभर कुठलंच मोठं काम हातात घेता येत नाही, आणि रिकामंही बसवत नाही.

चेअरसाइड_ताई

असिस्टंटच्या बाजूने लिहिते, कारण वरच्या सगळ्या यादीत स्टाफला काम मिळालं पण स्टाफला काय मिळालं ते अजून आलं नाही.

निवांत वेळेत माणूस शिकला पाहिजे. शिकलेली गोष्ट दवाखाना सोडला तरी त्याच्याबरोबर जाते, म्हणूनच त्याला तिची किंमत वाटते. एका आठवड्याला एकच कौशल्य घ्या, रोज अर्धा तास, आणि शेवटच्या दिवशी डॉक्टरांसमोर करून दाखवायचं.

सुरुवात अल्जिनेटने (दातांचं माप घ्यायच्या पावडरने) करा, कारण यात साहित्य स्वस्त आणि चूक डोळ्यांना दिसते. मेमध्ये टाकीचं पाणी तापलेलं असतं आणि ट्रे तोंडात जायच्या आत मिश्रण घट्ट होतं. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं की साधारण सहा सेकंद कमी मिळतात. म्हणजे २२ ऐवजी ३२ अंशाचं पाणी घेतलं तर पूर्ण एक मिनिट गेलं. माठातलं किंवा फ्रिजमधलं थोडं पाणी मिसळून थर्मामीटरने २० ते २३ च्या मध्ये आणा. भांड्यात आधी पाणी, मग पावडर. चमच्याने भांड्याच्या भिंतीवर दाबत ४५ सेकंद ते एक मिनिट घोटा. दाणे राहिले तर घोटणं कमी, फुगे राहिले तर दाबणं कमी. पावडरचा डबा घेण्याआधी उलटसुलट हलवून मग थोडा वेळ थांबायचं, नाहीतर मापात फरक पडतो.

माप घेतलं की १०-१५ मिनिटांत त्यात स्टोन (मॉडेलसाठीचं कडक प्लास्टर) ओता. उघडं ठेवलं तर ते पाणी सोडून आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवणं एवढंच बरोबर. स्टोन १०० ग्रॅमला ३० मिलि पाणी, प्लास्टर १०० ग्रॅमला ४५ ते ५०. वजनकाटा वापरा. डोळ्याच्या मापाने पाणी जास्त पडतं आणि मॉडेलचे दात काढताना मोडतात. एका कोपऱ्यातून थोडं थोडं, व्हायब्रेटरवर, पुढच्या दाताकडे वाहू द्यायचं. पाऊण तास हात लावायचा नाही.

पुढच्या आठवड्यात पुट्टी (माप घ्यायचं हाताने मळायचं सिलिकॉन). लॅटेक्सचे ग्लोव्हज घालून मळली तर त्यातल्या गंधकामुळे पुट्टी नीट सेट होत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. दोष पुट्टीवर येतो आणि अख्खा डबा परत जातो.

मग आरसीटीच्या फायली, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायच्या बारीक सुया. रंगावरून त्यांचा नंबर ओळखायचा. जांभळी १०, पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०, हिरवी ३५, काळी ४०. नुसतं पाठ करणं पुरत नाही. प्रत्येक फाइल भिंगाखाली धरून वेटोळी बघायची. एखाद्या ठिकाणी वेटोळं उलगडलेलं किंवा चकाकणारा डाग दिसला की ती फाइल बाद, पुढच्या पेशंटच्या दाढेत तीच तुटणार. हे ज्या मुलीला जमलं, ती डॉक्टरांचा आणि पेशंटचा केवढा मनस्ताप वाचवते!

नंतर दातांचे नंबर ऐकून चार्ट भरणं, आरव्हीजीचा (दाताच्या डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर धरायची पद्धत पेशंटला समजावणं, आरसीटीचा ट्रे फोटो न बघता लावणं. प्रत्येक प्रक्रियेच्या लावलेल्या ट्रेचा फोटो काढून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. फोटो असिस्टंटनेच काढायचा आणि खाली कोणाच्या हातचा ट्रे आहे ते नाव लिहायचं.

कौशल्य आलं की पगारवाढीच्या कागदावर ते दिसलं पाहिजे. "तुला चार्टिंग येतं, स्टोन ओतता येतो, स्पोअर टेस्ट तू बघतेस, म्हणून इतके वाढवले" असं डॉक्टरांनी तोंडाने सांगावं. रकमेइतकंच हे सांगणं महत्त्वाचं आहे.

मावशींना विसरू नका. त्यांना ग्लोव्हज कुठल्या पिशवीत हे सांगितलेलं असतं, का ते सांगितलेलं नसतं. एकदा बसवून सांगा.

होटगी_रोड_डेंटल

ताई, फार मोलाचं लिहिलंत. एक विचारतो. काही ठिकाणी मंदीत असिस्टंटला आणि रिसेप्शनला केसमागे इन्सेन्टिव्ह देतात, एवढ्या कॅप झाल्या की एवढे. यावर काय मत?

जुनी_प्रॅक्टिस

देऊ नये. केसमागे पैसे ठेवले की फोनवरचं बोलणं बदलतं. "कॅप राहिलीय" च्या जागी "लवकर या, नाहीतर दात जाईल" सुरू होतं, आणि पेशंटला घाई करणं हे कौशल्य होऊन बसतं. दोघींमध्ये तुझा पेशंट-माझा पेशंट होतं ते वेगळंच.

बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना सारखं, आणि जे स्टाफच्या हातात आहे त्यावर: स्पोअर टेस्ट एकही आठवडा न चुकता झाली, एकही सामान मुदत संपून फेकलं गेलं नाही, सगळ्या राहिलेल्या कॅपवाल्यांना एकदा तरी फोन गेला. पेशंट आला की नाही हे त्यांच्या हातात नाही.

मंदीत पगार पहिल्या तारखेलाच. उशीर झाला की स्टाफ सगळ्यात आधी हेच बोलतो की दवाखाना चालत नाही, आणि मग बाकी काहीही करा, मन लागत नाही. चांगल्या महिन्यांतून दोन महिन्यांचा पगार, भाडं आणि वीजबिल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढणं याला पर्याय नाही. एप्रिल-मेच्या रजा फेब्रुवारीत विचारून ठेवा, गावची जत्रा, लग्नसराई तेव्हाच असते. दुपारी चारनंतर खुर्ची रिकामी असेल तर पाळीपाळीने एकेकाला पूर्ण पगारी लवकर सोडा. पाळी कागदावर लिहून लावा, मर्जीने सोडलं की त्याचीच कुरबूर होते.

आणि डॉक्टरांनी स्वतः एखादं काम त्या यादीतलं घ्यावं. केबिनमध्ये मोबाईल बघणाऱ्या माणसाने बाहेर कपाटं लावायला सांगितली तर ती लागतात, पण तेवढीच.

मटेरियल_नवी_पेठ

स्टॉक मोजणं हे मंदीचं ठरलेलं काम, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यात एक जादा गोष्ट आहे: तापमान. दवाखाना दुपारी बंद असतो, एसी बंद असतो, आणि बंद खोलीतल्या कपाटाचं तापमान ४० च्या आसपास जातं. कंपोझिटच्या पाकिटावर बहुतेकदा २५ अंशाच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर कपाटात ठेवा, रोज सकाळी आदल्या दिवसाचा आकडा लिहा. आठवड्याभरात कुठलं सामान कुठे हलवायचं ते आपोआप कळतं.

बाँड (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रावण) आणि कंपोझिट फ्रिजमध्ये, पण दारात नाही, मधल्या कप्प्यात. वापरायच्या तासभर आधी बाहेर. थंडगार सिरिंज दाबली तर कंपोझिट घट्ट येतं आणि दमट हवेत टोकावर पाणी धरतं. बाँडची बाटली उघडी राहिली की त्यातलं अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल उडून जातं, उरतं ते दाट, आणि फिलिंग दोन महिन्यांत निघून हातात येतं. थेंब काढला की लगेच झाकण, हे असिस्टंटला एकदा कारणासकट सांगितलं की पुरतं.

भुलीचं इंजेक्शन उजेड आणि उष्णतेपासून लांब. त्यातलं अ‍ॅड्रिनॅलिन त्याने कमजोर होतं. द्रावणाला पिवळसर-तपकिरी छटा दिसली की टाकून द्या. रूट कॅनल धुण्याचं हायपोक्लोराइटही उन्हाळ्यात लवकर कमजोर होतं, म्हणून मेमध्ये मोठा कॅन घेण्यापेक्षा लहान बाटल्या घ्या.

मोजताना प्रत्येक वस्तूवर उघडल्याची तारीख. तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्यांवर लाल ठिपका, ती पुढे. मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत.

पिशवीवरून आठवलं. मंदीत पिवळी पिशवी भरत नाही म्हणून ती तशीच चार-चार दिवस ठेवतात. नियम पिशवी भरण्याचा नाही, ४८ तासांचा आहे. अर्धी असली तरी बांधून, बारकोड लावून द्यायची आणि रजिस्टरमध्ये वजन लिहायचं. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, ग्लोव्हज आणि सक्शन टिप लाल पिशवीत, रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, काचेची अँप्युल निळ्यात. अमलगम भरलेला दात मात्र पिवळ्यात नको, जाळला की पारा हवेत जातो. तो वेगळ्या बंद बरणीत ठेवा. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत द्यायचा असतो. मेच्या दुपारी रिसेप्शनने वर्षाची वजनं बेरीज करून ठेवली तर जूनमध्ये धावपळ होत नाही.

जुनी_प्रॅक्टिस

यात स्टाफची सुरक्षितता घाला. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मावशींनाही, कारण सुई टोचण्याचा धोका कचरा बांधणाऱ्यालाही असतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, आकडा १० च्या वर हवा. खर्च दवाखान्याचा.

सुई टोचली तर काय करायचं याचा कागद सिंकच्या वर लावा. साबण आणि वाहतं पाणी, जखम पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, कुणाची सुई ते लिहायचं, आणि लगेच सिव्हिलला. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं इमर्जन्सीची तालीम. खुर्चीवर पेशंट बेशुद्ध पडला असं धरून चालायचं. पहिली असिस्टंट तोंडातलं कापूस-साहित्य काढते आणि खुर्ची आडवी करून पाय उंच करते. दुसरी ऑक्सिजन आणि किट आणते. रिसेप्शन १०८ ला फोन लावून पत्ता, जवळची खूण, पेशंटचं वय आणि श्वास चालू आहे का एवढं सांगते. मावशी खाली रस्त्यावर थांबून गाडीला वाट दाखवतात. श्वास नसेल तर छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी घालायचं नाही. उपाशी येऊन चक्कर आलेल्यांचं प्रमाण उन्हाळ्यात आणि उपवासाच्या दिवसांत वाढतं, म्हणून "जेवून आलात का?" हा प्रश्न रिसेप्शनवरच.

तालमीत बहुतेकदा बाहेर येतं ते एकच: ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, पण त्याची किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. ती सुतळीने सिलिंडरलाच बांधा.

पूर्व_भाग

दवाखाना रिकामा असेल तर दवाखान्याबाहेर जाता येतं. आपल्या गावात विडी कामगार महिला हजारोंनी आहेत, मिसरी आणि मावा घरोघरी. ३१ मे तंबाखूविरोधी दिन, बरोबर मंदीच्या मध्यावर येतो. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा अशोक चौकाच्या बाजूला तपासणी शिबिर घ्या, पण विड्या जमा करायला जायची वेळ विचारून घ्या, त्या वेळी कुणी येणार नाही.

साहित्य थोडकं: आरसे (एकदा वापरायचे किंवा पुरेसे निर्जंतुक), टॉर्च, गॉज, ग्लोव्हज, मोजपट्टी, छापलेला फॉर्म. असिस्टंट नाव, सवय, किती वर्षं हे लिहिते आणि तोंड किती उघडतं ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मिलिमीटरमध्ये मोजते. ३५ च्या खाली आलं तर वेगळी खूण. डॉक्टर ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू या क्रमाने बघतात. जीभ गॉजने धरून बाजूला ओढल्याशिवाय तिची मागची कड दिसत नाही, आणि नेमकी तीच बघायची राहते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, तिखट अजिबात सहन न होणं, यातलं काही असेल तर चिठ्ठी देऊन सिव्हिलला. चिठ्ठी दिलेल्यांची यादी रिसेप्शनकडे, आणि ती बाई खरंच गेली का हे आठवड्याने फोन करून विचारायचं. हे शेवटचं नाही केलं तर शिबिराचा उपयोग फोटोपुरता. तंबाखू सोडायची म्हणणाऱ्यांना १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लिहून द्या.

यात स्टाफला जे समाधान मिळतं ते कपाट लावून मिळत नाही.

आणि भाषा. दात काढल्यानंतरच्या सूचनांचा कागद मराठीत असतो, आमच्याकडच्या निम्म्या आज्यांना तेलुगू कळतं, अक्कलकोटकडून येणाऱ्यांना कानडी. जी असिस्टंट घरी तेलुगू बोलते तिच्याकडूनच तो कागद तयार करून घ्या: गॉज अर्धा ते पाऊण तास दाबून धरा, २४ तास थुंकू नका, चुळा भरू नका, मिसरी लावू नका, थंड आणि मऊ खा, दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळू चूळ. सहाच ओळी, मोठी अक्षरं.

रिसेप्शन_विजापूर_रोड

भाषांतर बरोबर झालंय हे डॉक्टरांना तेलुगू येत नसेल तर कसं तपासायचं?

पूर्व_भाग

ताई, कागद लिहिणारीने तपासायचा नाही. वेटिंगमध्ये बसलेल्या एखाद्या आजींना वाचून दाखवायचा, वाचता येत असेल तर त्यांच्याच हातात द्यायचा, आणि "आजी, आता घरी गेल्यावर काय काय करणार ते मला सांगा" असं विचारायचं. त्यांनी "थुंकायचं नाही" आणि "मिसरी नाही" हे दोन्ही स्वतःहून सांगितलं तर कागद छापायला द्या. यातलं एक जरी सुटलं तर ती ओळ वर घ्या आणि दुसऱ्या आजींना विचारा.